चौथी झोप

रेशमाचे किडे आयुष्यात चार वेळा झोपतात. खाणं थांबवतात, मान वर उचलतात आणि ती तशीच ठेवून दगडासारखे बसतात. कात टाकायची वेळ असते ती. चौथी झोप सगळ्यात मोठी, दिवस-सव्वा दिवसाची. एरवी शेडमध्ये हजारो तोंडं पाला कुरतडत असतात. पत्र्यावर बारीक सर पडावी तसा तो आवाज. ऐकून ऐकून कानाला त्याची इतकी सवय होते की तो थांबला की माणूस दचकतं. पाच मजली रॅकवर नजर जाईल तिथवर पांढऱ्या माना वर. सगळे मिळून काहीतरी ऐकतायत असं वाटतं.

त्या झोपेत मी ती बाई ऐकली.

सकाळचे दहा वाजले असतील. बाहेर धुकं अजून तुतीच्या वाफ्यांवरून हललं नव्हतं. झोपलेल्या किड्यांवर चुना भुरभुरायचा असतो, तो घेऊन मी आले. दाराशी चपला काढल्या, औषधी पाण्याच्या घमेल्यात पाय बुडवले आणि जाळीला हात लावला, तोच आतून आवाज आला. तरुण पोरीचा, अठरा-वीस वर्षांच्या. हळू, एका लयीत, कुणाला तरी काही समजावून सांगावं तसा. एक शब्द कळेना. बोली डोंगरापलीकडची होती एवढंच कळलं. पाला तोडणाऱ्या टोळीतलं कुणी असेल असं वाटून मी जाळी सारली. आवाज बंद झाला. रॅकच्या दोन ओळींमधून शेवटापर्यंत चालत गेले. कुणी नव्हतं. शेवटच्या रॅकमागून सासूबाई आल्या, हातात खराटा.

"कोण बोलत होतं, आई?"

"कुठे कोण? किडे झोपलेत, हळू बोल."

त्यांचा आवाज मला माहीत होता. साठीच्या बाईचा, घोगरा. मी ऐकला तो हा नव्हता.

संध्याकाळी यांना सांगितलं. 'हे' म्हणजे माझा नवरा. हे हसले. "टोळीतल्या बायकापण म्हणतात, शेडमध्ये कुणीतरी बाई बोलते. आता तूही त्यांच्यात नाव घाल. उद्यापासून किड्यांबरोबर तिचाही पाला धरू."

आमच्याकडे टोळी यायचं कारण नव्हतं, पण त्या हंगामात तुतीवर मावा पडला. पानं गोळा होऊन काळी चिकट झाली. किड्यांची अंडी तर उबवून झालेली. मग नदीपलीकडच्या मळ्यातला पाला घ्यायचं ठरलं. तोडायला डोंगरापलीकडची टोळी, आणायला छोटा टेम्पो. टोळीच्या मुकादमाला आमची बोली येत होती, टोळीला तिच्यातले चार-दोन शब्द. टेम्पोवाला आमच्याच गावचा. बोलायला गोड, कुणाच्याही घरी पाणी मागून पिणारा.

टोळीत एक पोरगी होती, एकोणीस-वीसची. अंगाने बारीक म्हणून सगळे तिला काडी म्हणत. मोळी बांधण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. टेम्पोत पाला रचायला मुकादम तिलाच पाठवायचा. चौथ्या झोपेच्या आधी, एका दुपारी ती टेम्पोबरोबर गेली आणि टेम्पो दोन तास उशिरा आला. दुसऱ्या दिवशी तिने कोयता उचलला नाही. मुकादम तिला आमच्या दाराशी घेऊन आला. म्हणाला, "हिला अंगात कसर आहे, चार दिवस आतलं हलकं काम द्या."

कसर नव्हती. टोळीतली एक म्हातारी मला विहिरीजवळ भेटली. तिला आमचे तीनच शब्द येत होते, ते तिने एकेक करून माझ्यासमोर ठेवले. "गाडी. तो. जबरदस्ती." मग तिने स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला आणि माझ्याकडे बघत राहिली. ओरडू दिलं नाही असं ती सांगत होती, की मी बोलू नये असं, ते मला तेव्हा कळलं नाही.

काडी आमच्याकडे कामाला लागली. काम नीट करायची. फक्त शेडमध्ये शिरताना पाय बुडवायच्या घमेल्याशी बसायची, हात कोपरापर्यंत पाण्यात घालायची आणि तशीच राहायची. कातडी पांढरी पडून सुरकुतायची, तरी उठायची नाही. मी खांद्याला हात लावला की अंग आक्रसून घ्यायची. सासूबाई मात्र जवळ जायच्या नाहीत. लांब उभ्या राहून बघायच्या. एकदा बघता बघता त्यांच्या हातातली परडी कलली, पाला खाली सांडला, त्यांना पत्ता नव्हता.

दवाखान्याच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला मी पाहिला होता. अर्धा आमच्या लिपीत, अर्धा डोंगरापलीकडच्या. बाईवर जबरदस्ती झाली असेल तर या नंबरवर बोला, दोन्ही बोलींत. मी फोन केला. यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर "बघू" म्हणाले असते, आणि यांचं "बघू" म्हणजे काय ते मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी त्या नंबरच्या मदत केंद्रातली ताई स्कूटरवर आली. बुटकी, चाळिशीची, सारखी खोकणारी. खुर्ची दिली तरी जमिनीवर बसली, काडीपासून चार हातांवर. म्हणाली, "मला हिची बोली येत नाही. आमच्यात ती बोलणारी बाई दुसऱ्या गावी असते, फोनवर येते. चालेल का, ते हिलाच विचारू."

फोनमधून एक बाई काडीच्या बोलीत बोलली. काडीने फोन कानाला लावला आणि तिचे दात वाजायला लागले. तिने तो हळूच जमिनीवर पालथा ठेवला.

"राहू दे," ताई म्हणाली. "काही जणींना तोंड दिसल्याशिवाय बोलवत नाही. दुभाषी बाईलाच घेऊन यायचं तर सात-आठ दिवस लागतील. तोवर तिला दवाखान्यात जायचं असेल तर मी कधीही येईन. जायचं नसेल तर ओढून नेणार नाही." खोकला आला, तो थांबल्यावर म्हणाली, "हिची बोली येणारं इथं कुणी आहे? टोळीतलं नको. मुकादम तर नकोच."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या डोंगरापलीकडून आलेल्या, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. पण चाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून तिकडचा एक शब्द कुणी ऐकला नव्हता. यांना त्यांनी अंगाईसुद्धा इकडचीच म्हटली होती.

"मला येत नाही," त्या म्हणाल्या. "यायची. आता जीभ वळत नाही."

किडे जागे झाले आणि खायला सुटले. शेवटचे सात-आठ दिवस त्यांचे राक्षसाचे असतात. दिवसाला तीन वेळा पाला, दर वेळी टेम्पोभर. आम्ही तिघी रॅकवर चढून फांद्या आडव्या-उभ्या पसरायचो, खालची विष्ठा काढायचो, पुन्हा चढायचो. टेम्पो आला की काडी आतल्या भिंतीला पाठ लावून उभी राहायची. टेम्पोवाला दारात मोळ्या टाकताना शीळ घालायचा. शीळ ऐकली की सासूबाईही हातातलं काम थांबवायच्या. दोघींची मान एकाच वेळी वर. 

तिसऱ्या दिवशी भर दुपारी मुकादम आणि टेम्पोवाला अंगणात येऊन बसले. हेही बसले. मी पाणी नेऊन ठेवलं.

मुकादम म्हणाला, "झालं ते झालं. बोभाटा करून कुणाचं भलं? हा लग्नाला तयार आहे. पोरीचं बस्तान बसेल, टोळीची अब्रू राहील, तुमच्या किड्यांना पाला मिळेल. मिटवून टाकू."

टेम्पोवाला खाली बघून नखाने माती उकरत होता. ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, असं मला वाटलं.

यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "पोरगी हो म्हणत असेल तर आपण कोण मध्ये पडणारे," म्हणाले. वाईट माणूस नाही माझा नवरा. पाच रॅक किडे डोळ्यासमोर होते त्यांच्या.

"तिला विचारायला हवं," मुकादम म्हणाला. "मी विचारतो."

"तुम्ही नको," मी म्हटलं. कसं म्हटलं मला कळलं नाही.

"मी विचारते." आवाज मागून आला. सासूबाई शेडच्या दारात उभ्या होत्या, हात पाल्याने हिरवे. काडी त्यांच्या मागे. त्यांनी काडीला अंगणाच्या मधोमध आणलं नाही, दारातच थांबवलं, आणि तिच्या समोर अशा उभ्या राहिल्या की पुरुषांना तिचं तोंड दिसेना. मग त्या बोलल्या.

मी झोपेतल्या शेडमध्ये ऐकला तोच आवाज. अठरा-वीस वर्षांच्या पोरीचा. सासूबाईंच्या सुरकुतलेल्या मानेतून तो येत होता आणि त्यांच्या अंगाला तो बसत नव्हता, दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखा. हे उठून उभे राहिले. मुकादमाचा पेला तोंडाशीच राहिला. त्या बोलतच होत्या. बोट कधी अंगणाकडे, कधी घराकडे, कधी स्वतःच्या छातीकडे. काडी पहिल्यांदाच कुणाच्या तरी डोळ्यात बघत होती.

शेवटी काडीने एक शब्द उच्चारला.

सासूबाई वळल्या. आवाज पुन्हा घोगरा झालेला. "नाही म्हणते."

मुकादमाने डोळे बारीक केले. "एवढा वेळ काय सांगितलंत तिला? मी दूर होतो, सगळं ऐकू आलं नाही. विचारायचं तर एका ओळीचं होतं."

"तेच सांगितलं," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या बोलीत लांब होतं."

संध्याकाळचा टेम्पो आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मुकादमाने टोळी आमच्या कामावरून काढून घेतली. भूक लागली की किडे रॅकच्या कडेला येतात, अर्धं अंग हवेत उचलतात आणि डोलतात, डावीकडे, उजवीकडे. आवाज काही नाही. हजारो तोंडं रिकामी हवा चाचपतात. यांच्याने ते बघवेना. पहाटेपासून हे ओढ्याकाठच्या, बांधावरच्या, परक्याच्या कुंपणावरच्या तुती तोडायला लागले. लोकांनी दारं लावून घेतली. टेम्पोवाला सगळ्यांचाच माल न्यायचा. कुणी म्हणालं, "परक्या पोरीसाठी घर पेटवून घेताय." एकाने तोडलेल्या फांद्या यांच्या खांद्यावरून ओढून परत घेतल्या. हे मान खाली घालून दुसऱ्या बांधाला लागले.

त्या दिवशी सासूबाई मला म्हणाल्या, "त्या खोकणाऱ्या ताईला बोलाव. सांग, बोली येणारी मिळाली."

पाला ठेवायच्या खोलीत आम्ही बसलो. ओल्या गोणपाटांनी झाकलेल्या पाल्याचा गारवा होता, खिडकीतून पांढरं ऊन. ताईने आधीच सांगितलं, "आई, तुम्ही घरच्या आहात, म्हणून कायद्याचा जबाब तुमच्या तोंडून घेता येणार नाही. तो दुभाषी बाईसमोरच होईल. आज फक्त तिला काय हवंय ते मला समजू दे. ती 'मी' म्हणाली की तुम्हीही 'मी' म्हणा. पदरचं घालू नका, गाळू नका. तिला थांबावंसं वाटलं तर थांबायचं. आणि तुम्हाला थांबावंसं वाटलं तरी."

काडी बोलायला लागली. एक वाक्य तिचं, एक सासूबाईंचं. मी रचलेला पाला नदीजवळ ढासळला म्हणून त्याने गाडी थांबवली. मी खाली उतरले. त्याने शीळ घातली, आसपास कुणाला ऐकू जात नाही हे दाखवायला. मी ओरडले ते माझ्या बोलीत ओरडले. पुढचं ती बोलली ते मी इथे सांगत नाही, ते तिचं आहे. ताई लिहीत होती. काडीचा आवाज आणि सासूबाईंचा आवाज एकामागून एक येत होते. हळूहळू दोन्ही इतके सारखे झाले की मी डोळे मिटले असते तर कोण कुठल्या बोलीत बोलतंय एवढाच फरक उरला असता.

"मग मी रडत नव्हते," सासूबाई म्हणाल्या. "त्याने बैल सोडले आणि पाण्यावर नेले. बैल पाणी पीत होते तोवर मी तिथेच बसले होते."

ताईचा पेन थांबला. तिने काडीकडे बघितलं. मीही बघितलं. काडीचे ओठ मिटलेले होते. किती वेळ मिटलेले होते कुणास ठाऊक.

"चाऱ्याच्या गाडीत मला बसवून त्याने इथे आणलं," सासूबाई सांगत होत्या. बोली आमची, आवाज त्या पोरीचा. "चार माणसं अंगणात बसली. ह्याच अंगणात. मिटवून टाकू म्हणाली असतील, मला भाषा कळत नव्हती. एक बाई होती दोन्ही बोली येणारी. ती मला म्हणाली, तुला घरी सोडायचं विचारतायत, मान हलव. मी मान हलवली. मला वाटलं घरी सोडतील. संध्याकाळी लग्न लागलं."

सासऱ्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. सासूबाई त्यांचा उल्लेख नेहमी 'ते' असा करायच्या. मेल्यावरही. आज पहिल्यांदा 'तो' म्हणाल्या.

ताईने विचारलं, अगदी हळू, "आई, हे तिचं आहे की तुमचं?"

सासूबाईंनी जरा वेळ आठवल्यासारखं केलं. "तिचं मघाशीच संपलं."

ताईने कागद उलटा केला नाही. नवा कोरा कागद काढून शेजारी ठेवला. "हे वेगळ्या कागदावर लिहू? की लिहूच नको?"

"लिही," सासूबाई म्हणाल्या. "कुठे पाठवू नकोस. पण लिही."

काडीला आमची बोली येत नव्हती. पण तिने सासूबाईंचा हिरवा हात हातात घेतला आणि कोपरापर्यंत चोळायला लागली, तान्ह्या पोराचा चोळावा तसा.

मागे दारात काहीतरी पडलं. हे उभे होते. डोक्यावरची मोळी पायाशी पडलेली, फांद्या विस्कटलेल्या. कधीपासून उभे होते मी विचारलं नाही. ते खाली वाकले, फांद्या एकेक गोळा करून पुन्हा बांधायला लागले. गाठ काही बसेना. तीनदा सुटली. मग तशाच उचलून शेडमध्ये गेले.

पुढचं भराभर झालं. काडी त्याच दिवशी ताईबरोबर दवाखान्यात गेली. तिसऱ्या दिवशी दुभाषी बाई आली आणि काडीने तिच्यासमोर पोलिसांत जबाब दिला. टेम्पोवाला आठ दिवस गावातून गायब होता, मग बहिणीच्या घरी सापडला. मुकादम टोळी घेऊन दुसऱ्या खोऱ्यात गेला. जाताना ती तीन शब्दांची म्हातारी मागे राहिली, म्हणाली काडीला एकटीला कशी सोडू. तेही शब्दांनी नाही, गाठोडं आमच्या ओसरीवर ठेवून सांगितलं.

किडे अर्धपोटीच कोष विणायला लागले. त्यांना जाळीच्या चौकटींवर चढवलं, तेव्हा त्यांची अंगं काचेसारखी झाली होती, आरपार दिसणारी. कोष पातळ निघाले, हातात घेतले तर आतलं हलतं ते कळेल इतके. घेणाऱ्याने नाक मुरडून घेतले. जे आलं त्यात निभावलं.

हे आईशी बोलेनासे झाले. रागाने नव्हे. समोर आले की तोंड उघडायचे, मिटायचे, आणि काहीतरी भलतंच विचारायचे. "बादली कुठे ठेवलीस?" बादली समोर असायची. त्यांच्या बापाचा कोयता खुंटीला असायचा. एके दिवशी दिसला नाही. विचारलं तर म्हणाले, धार गेली होती.

कोर्टाची पहिली तारीख आली. सासूबाई काडीबरोबर केंद्रात राहायला गेल्या, तीन दिवसांनी एकट्या परतल्या. काडी म्हातारीबरोबर तिथेच थांबली, शिवणकामाच्या खोलीत. आम्ही दोघं फाट्यावर आणायला गेलो. बसमधून उतरताना त्यांनी यांचा हात धरला नाही, दांडी धरली. पिशवी मात्र यांच्याकडे दिली.

"काय म्हणाले कोर्टात?" मी विचारलं.

"पुढची तारीख म्हणाले. पोरगी उभी राहिली नीट. पाणीसुद्धा मागितलं, आपल्या बोलीत." आपल्या म्हणजे कुठल्या, ते मी विचारलं नाही.

रस्त्यावर ऊन होतं, धूळ होती, आमच्या तिघांखेरीज कुणी नव्हतं. बरंच चालल्यावर हे म्हणाले, पुढे बघतच, "आई, मला बघून तुला बाबा आठवतात?"

माझा पाय अडखळला. सासूबाईंची चाल बदलली नाही.

"पहिलं वर्ष आठवायचे," त्या म्हणाल्या. "तू रडलास की मी कानात कापूस घालून बसायचे. दूध पाजायचे ते भिंतीकडे तोंड करून. मग तू बोलायला लागलास, ते त्यांच्या बोलीत. म्हटलं, हाही त्यांच्यातलाच एक. माझा कुणी नाही इथे."

यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मग एकदा अंगणात पडलास. गुडघा फुटला. ते जवळच बसले होते, हात पुढे केला त्यांनी. तू त्यांना ओलांडून रडत, रांगत, ओट्यापर्यंत आलास. माझ्यापर्यंत. मी बघत होते, मधेच वळतो का." त्या थांबल्या, पायातला खडा काढला, पुन्हा चालू लागल्या. "वळला नाहीस."

"मग?" यांनी विचारलं. 

"मग काय," सासूबाई म्हणाल्या. "उचललं."